गावाचा आकडा गावापर्यंत

२१ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबई इलाख्यात माणसे मोजली गेली. जो जिथे सापडेल तो तिथला, असा हिशोब. मोजणारे बहुतेक ठिकाणी गावचेच: कुलकर्णी, तलाठी, शाळामास्तर. खानेसुमारी झाली की पाठोपाठ पट्टी वाढते, हा गावकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यामुळे घरातली माणसे सांगताना लोक हातचे राखून बोलत असतील तर नवल नाही. कुलकर्ण्याने केलेली बेरीज मामलेदाराकडे गेली, तिथून कलेक्टर कचेरीत, तिथून मुंबईला. शेवटी एका जाडजूड इंग्रजी अहवालात तालुक्याच्या बेरजेत मिसळून ती नाहीशी झाली. गावाने आकडा दिला, पण त्याच्या हाती काही परत आले नाही.

हे पुढे दर दहा वर्षांनी होत राहिले. १७ फेब्रुवारी १८८१, २६ फेब्रुवारी १८९१, १ मार्च १९०१ अशा तारखा बदलल्या, अहवालांची पाने वाढली, जातींच्या आणि धर्मांच्या वर्णनांना ऊत आला. आकड्याची वाट मात्र एकाच दिशेची, खालून वर. गावाचा आकडा वरून खाली यायला, म्हणजे छापून कोणालाही वाचता येण्याजोगा व्हायला, जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. तो आल्यावर काय काय घडले, हा या लेखाचा विषय आहे.

इंग्रजांना एकेका गावात रस नव्हता असे म्हणता येणार नाही. पेशवाई बुडून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच डॉ. थॉमस कोट्स हा डॉक्टर पुण्याजवळच्या लोणीत जाऊन घरे, माणसे, गुरे, कर्जे यांची टिपणे करत होता. त्याचे ‘लोणी’ म्हणजे आजचे लोणीकंद. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी पुढे सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावाचा अभ्यास केला, म्हणून ते आपल्याला ठाऊक तरी आहे. कर्नल साइक्सने १८२४ पासून काही वर्षे सरकारचा आकडेवारी अधिकारी म्हणून दख्खन पालथे घातले. पण कोट्सचे टिपण मुंबईच्या लिटररी सोसायटीसाठी होते आणि साइक्सचे अहवाल सरकारसाठी. लोणीच्या पाटलाला ते वाचून दाखवावे असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

वरून येणारा आकडा आपल्या कामाचा नाही, हे पहिल्यांदा ठणकावून सांगितले ते खेड्याने नव्हे, मुंबई शहराने.

मुंबईची मोजणी इलाख्याच्या आधी, फेब्रुवारी १८६४ मध्ये झाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव आभाळाला भिडला होता, शहरात पैसा आणि माणसे दोन्ही लोटत होती. गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या सरकारने आरोग्याच्या काळजीपोटी मोजणी करवली. डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली आकडा आला ८,१६,५६२. पुढच्या वर्षी कापसाचा फुगा फुटला. १८७२ मध्ये मोजणी झाली तेव्हा शहर ६,४४,४०५ वर आले होते. मुंबईत राहणारा कोणीही सांगेल की हे शहर फुगते आणि ओसरते. पावसाळ्यात, लग्नसराईत, गणपतीत, साथीत लाखोंच्या हिशोबात माणूस इकडचा तिकडे होतो. दहा वर्षांतून एका रात्री घेतलेला आकडा अशा शहराला कितीसा पुरणार?

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले, आणि हा प्रश्न जिवावर बेतला. साथ पहिल्या हिवाळ्यात आली ती दर हिवाळ्यात येतच राहिली. तिचा जोर वाढायचा तो नेमका जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी पळत, सुखवस्तू लोक उपनगरांत झोपड्या बांधून राहत. आणि सरकारी मोजणीची तारीख होती १ मार्च १९०१! आकडा आला ७,७६,००६. दहा वर्षांपूर्वी तो ८,२१,७६४ होता. म्हणजे कागदावर शहर आटले होते.

हे निव्वळ कुतूहलाचे प्रकरण नव्हते. म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्याचे सगळे शहाणपण एका भागाकारावर उभे असते: मेले किती, भागिले माणसे किती. मेलेल्यांची नोंद स्मशानात आणि दफनभूमीत बऱ्यापैकी होत होती. छेदातली संख्या मात्र दहा वर्षांतून एकदाच बाहेरून मिळायची, आणि तीही माणसे पळून गेलेली असताना घेतलेली. एक उदाहरण करून पाहू. वर्षाला ५०,००० मृत्यू धरले तर ७,७६,००६ च्या शहरात हजारी प्रमाण ६४ येते. तेच शहर पावणेदहा लाखांचे असेल तर ५१ येते. मृत्यू तेवढेच, पण पहिल्या आकड्यावरून मुंबई म्हणजे मृत्यूचे घर ठरते, दुसऱ्यावरून नुसते वाईट शहर. वॉर्डावॉर्डांत तर घोळ आणखी मोठा. ज्या भागातून माणसे जास्त पळाली तिथले प्रमाण फुगणार, आणि पाणी, गटारे, चुना मारणे, घरे पाडणे यांचा पैसा कुठे घालायचा हे याच प्रमाणांवरून ठरणार.

१९०६ मध्ये आरोग्य खात्याने स्वतःच शहर मोजले. आकडा आला ९,७७,८२२. पाच वर्षांत शहर दोन लाखांनी वाढले यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. त्यातला मोठा भाग परतलेल्यांचा होता. इथे एक गोष्ट बोलून टाकायला हवी. छेद मोठा झाला की मृत्यूचे प्रमाण आपोआप उतरते, आणि ते उतरलेले म्युनिसिपालिटीला हवेच होते. स्वतःची मोजणी स्वतः करण्यात स्वार्थ होता. पण १९११ च्या सरकारी मोजणीत शहर ९,७९,४४५ निघाले, त्यामुळे आरोग्य खात्याच्या पदरात शंकेचा फायदा टाकायला हरकत नाही. माझ्या मते मुंबईची १९०६ ची मोजणी हा आपल्याकडच्या स्थानिक स्वराज्याच्या इतिहासातला एक दुर्लक्षित प्रसंग आहे. रस्ते-दिव्यांवरची भांडणे आपण आठवतो, आणि एका नगरपालिकेने सरकारचा आकडा नाकारून आपला मांडला हे विसरतो.

खेड्यापाड्यांकडे असे करायला ना पैसा होता ना माणसे. व्हाइसरॉय रिपनच्या धोरणानुसार १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, त्यांच्याकडे शाळा, रस्ते, विहिरी, धर्मशाळा आल्या. शाळा कोणत्या गावी काढायची याचा वाद बोर्डात व्हायचा तेव्हा छापील अहवालात मिळायचा तो तालुक्याचा आकडा. गावाचा आकडा मामलेदाराच्या कचेरीत, तलाठ्याच्या दप्तरात हस्तलिखित पडून असे. पण दप्तर सरकारचे. ते पाहायचे तर अर्ज-विनंत्या करायच्या, आणि कोणाच्या विनंतीला किती वजन, हे गावात सर्वांना माहीत असते.

म्हणून ज्यांना गाव समजून घ्यायचे होते त्यांनी ते नव्याने मोजले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतले आणि घराघराची जमीन, तुकडे, कर्ज, मिळकत मांडली. १९१७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले, १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकचे. निव्वळ शेतीवर, कर्ज न काढता उभी राहू शकतील अशी कुटुंबे थोडीच निघाली. आज पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅट बघायला जाणाऱ्याला हे गाव अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे असे सांगितले तर तो फ्लॅटचा भाव वाढवण्याची युक्ती समजेल. पुढे १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची अशीच पाहणी करवली. हे काम मोलाचे, पण एका वेळी एकच गाव किंवा एकच शहर.

१९४१ च्या मोजणीवर महायुद्धाची सावली पडली. मोजणी झाली, पण चिठ्ठ्यांतून तक्ते काढण्याचे काम सरकारने कापून टाकले. मातृभाषा विचारली गेली होती, तिचे तक्ते निघालेच नाहीत. त्या वेळी याचे कोणाला काही वाटले नसेल. पण दहा वर्षांनी भाषावार राज्यांचा प्रश्न पेटला तेव्हा हातात होते ते १९३१ चे जुने आकडे आणि १९५१ चे कोरे करकरीत. मधली वीस वर्षे मोकळी.

१९४८ मध्ये जनगणनेचा कायदा झाला, १९४९ मध्ये दिल्लीत रजिस्ट्रार जनरलचे कार्यालय कायमचे स्थापन झाले. आर. ए. गोपालस्वामी त्याचे प्रमुख. तोवर दर दहा वर्षांनी जनगणनेचा तंबू उभा राहायचा आणि काम झाले की उठायचा. स्वतंत्र भारताची पहिली मोजणी ९ फेब्रुवारी १९५१ ला सुरू झाली. १ मार्चचा सूर्योदय हा हिशोबाचा क्षण आणि पुढचे तीन दिवस जन्म-मृत्यूंची फेरतपासणी. मास्तर आणि तलाठी पुन्हा कामाला लागले. प्रत्येक माणसाची वेगळी चिठ्ठी. या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कोष्टक कार्यालयांत जायचे. तिथे भिंतीशी लाकडी खणांच्या मांडण्या, आणि कारकून एकेक चिठ्ठी वाचून तिच्या खणात टाकायचा: पुरुष इकडे, बाई तिकडे, साक्षर इकडे, निरक्षर तिकडे. मग खणातल्या चिठ्ठ्या मोजायच्या, गठ्ठा पुन्हा एक करायचा आणि पुढच्या प्रश्नासाठी पुन्हा वाटायचा. छत्तीस कोटी चिठ्ठ्या अशा हातांनी वाटल्या गेल्या.

याच वेळी ठरले की जिल्ह्याजिल्ह्याची ‘जनगणना हस्तपुस्तिका’ काढायची आणि तीत गाववार आकडे छापायचे. छपाईचा खर्च राज्यांनी सोसायचा. मुंबई राज्याचे जनगणना अधीक्षक जे. बी. बोमन यांच्या हाताखाली या पुस्तिका निघाल्या.

त्यातली एखादी उघडावी. भाषा इंग्रजी, टाइप बारीक. तालुक्याखाली गावांची रांग. बुद्रुकचे ‘बीके’ आणि खुर्दचे ‘केएच’ झालेले, त्यामुळे आपलेच गाव आधी डोळ्याला लागत नाही. नावासमोर चौरस मैलांतले क्षेत्र, घरे, माणसे, त्यांत पुरुष किती, बायका किती, साक्षर किती. मग आठ उपजीविकेचे रकाने. पहिले चार शेतीचे: स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे, दुसऱ्याची कुळाने कसणारे, शेतमजूर, आणि जमीन न कसता खंड खाणारे. उरलेले चार म्हणजे उत्पादन, व्यापार, वाहतूक आणि इतर नोकऱ्या-चाकऱ्या. एका गावाला एक ओळ.

त्या ओळीची किंमत कळायची तर काळ लक्षात घ्यावा लागतो. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ला कूळ जमिनीचा मालक मानला जाणार होता. मधल्या वर्षांत कुळे काढून टाकण्याची घाई कुठे किती झाली हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारावे. हस्तपुस्तिकेतल्या दुसऱ्या रकान्यात १९५१ साली गावात कुळाच्या शेतीवर जगणारी माणसे किती ते छापलेले होते. सातबाऱ्यावर नावे किती, आणि जनगणनेत स्वतःला कूळ म्हणवणारे किती, हे ताडून पाहण्याचे साधन पहिल्यांदाच सरकारी दप्तराबाहेर आले होते. किती जणांनी ताडून पाहिले हा भाग वेगळा. पुस्तक इंग्रजी, प्रती थोड्या, आणि कुळाला शाळेचे तोंड ठाऊक नाही.

पश्चिम बंगालचे जनगणना अधीक्षक अशोक मित्र यांनी याच वेळी आपल्या हस्तपुस्तिका जुन्या दप्तरांच्या उताऱ्यांनी आणि जत्रा-मंदिरांच्या माहितीने इतक्या भरून टाकल्या की त्या जिल्ह्याचा इतिहासच झाल्या. आपल्याकडच्या पुस्तिका त्या मानाने कोरड्या. बोमन यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुंबई, सौराष्ट्र आणि कच्छ असा अवाढव्य पसारा त्यांच्या गळ्यात होता. शिवाय मराठी माणसाला पुढच्या पाचच वर्षांत या पुस्तिकांकडून जे हवे होते ते वर्णन नव्हते. त्याला आकडे हवे होते.

मराठी मुलूख तेव्हा तीन राज्यांत वाटलेला होता. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात, मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जागी आलेल्या राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात. त्यामुळे १९५१ च्या हस्तपुस्तिकाही तीन सरकारांनी तीन ठिकाणी छापल्या. डिसेंबर १९५३ मध्ये राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला, आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेला आपले म्हणणे मांडायचे होते. परिषदेचे अध्यक्ष शंकरराव देव, आणि निवेदन तयार करण्यात गाडगीळांचा मोठा वाटा. ‘मुंबई आमची’ हे सभेत सांगणे सोपे. आयोगापुढे सांगायचे तर कोणत्या तालुक्यात कोणती भाषा बोलणारे किती, बाजार कुठे भरतो, मजूर कुठून येतात, हे मांडावे लागते. आधी गावे आणि शहरे मोजलेला माणूस या कामी पडला हा योगायोग नव्हता.

आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. मुंबई आणि विदर्भ यांबद्दल काय म्हटले आणि पुढे काय झाले ते सर्वांना पाठ आहे. आपल्या विषयापुरता बेळगावचा भाग पाहावा. आयोगाने जिल्हा हाच शक्यतो हिशोबाचा घटक धरला, फार तर तालुक्यापर्यंत उतरला. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा वेगळा काढला. तिथे मराठी इतकी स्पष्ट बहुसंख्य होती की दुसरे काही करणे शक्य नव्हते. चंदगड १ नोव्हेंबर १९५६ ला कोल्हापूर जिल्ह्यात आला. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठीचे पारडे जड असूनही ते म्हैसूर राज्यात गेले. तालुका घटक धरला की बहुमत थोडेसे दिसते आणि जिल्ह्याच्या सलगतेपुढे मागे पडते. गाव घटक धरले की एकेका गावात तेच बहुमत ठसठशीत दिसते. घटक बदलला की नकाशा बदलतो, हे सीमाभागाने तेव्हा ओळखले.

गाव घटक धरण्याचे उदाहरण महाराष्ट्राच्या हाती लवकरच आले, तेही एका मराठी माणसाकडून. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद मिटवायला हरी विनायक पाटसकर यांना मध्यस्थ नेमले होते. जळगावकडचे हे वकील केंद्रात कायदामंत्री होते, पुढे मध्य प्रदेशाचे राज्यपाल झाले. त्यांनी गाव हाच घटक धरला. गावात साधे भाषिक बहुमत, गावांची सलगता आणि लोकांची इच्छा. त्याप्रमाणे १ एप्रिल १९६० ला तिरुत्तणीचा भाग मद्रासकडे गेला, तर पोन्नेरी-तिरुवळ्ळूरकडची काही गावे आंध्रात गेली. दोन्ही बाजूंनी फारशी खळखळ केली नाही. पाटसकरांचे सूत्र सीमाभागातल्या माणसाला तोंडपाठ असते, आणि त्या सूत्राचा पाया आहे १९५१ च्या चिठ्ठीत मास्तराने लिहिलेला मातृभाषेचा शब्द.

जून १९५७ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या द्वैभाषिक मुंबई सरकारने केंद्राला निवेदन दिले. त्यात ८१४ गावे मागितली होती, आणि त्याच न्यायाने सुमारे २६० कन्नड बहुमताची गावे म्हैसूरला द्यायची तयारी दाखवली होती. ‘आमची द्या आणि तुमची घ्या’ ही भाषा गाववार आकड्यांशिवाय बोलताच आली नसती. आजही महाराष्ट्राची मागणी ‘१९५१ च्या जनगणनेनुसार’ या शब्दांनी सुरू होते ती उगीच नाही. म्हैसूरने हा घटक कधीच मान्य केला नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, पुढच्या ऑगस्टात त्याचा अहवाल आला. निपाणी, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडची धरून २४७ म्हैसूरला, आणि बेळगाव शहर आहे तिथेच. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

आकडा सार्वजनिक झाला की तो निर्मळ राहतो असे मात्र नाही. उलट त्यावर काय ठरणार हे लोकांना कळते, आणि मोजणीतच रस्सीखेच सुरू होते. १९५१ मध्येच पंजाबात मातृभाषेच्या नोंदींवरून इतकी भांडणे झाली की तिथे हिंदी, पंजाबी आणि पहाडी बोलणाऱ्यांची बेरीज एकत्रच छापावी लागली. आता गुजरातेत असलेल्या डांगात १९३१ ला ज्यांची बोली भिल्ली म्हणून मोजली गेली, त्यांतले बहुतेक १९५१ ला गुजराती भाषिक ठरले, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्यावर रान उठवले. वीस वर्षांत डांगच्या जंगलात भाषा बदलली नव्हती. बदलली होती ती विचारणारी आणि लिहिणारी माणसे. आणि मूळ चिठ्ठी दाखवा म्हणावे तर जनगणना कायद्याचे १५ वे कलम आडवे येते. जनगणनेची कागदपत्रे कोणाला पाहता येत नाहीत, पुरावा म्हणून ती कोर्टात चालत नाहीत. एकट्याचे गुपित राखण्यासाठी हे कलम हवेच, ते नसते तर कोणी खरे सांगितले नसते. पण त्यामुळे बेळगावच्या माणसाला आपल्या गावाची बेरीज वाचता येते, तपासता येत नाही.

महाराष्ट्र झाल्यावर गावाच्या आकड्याला वेगळे काम लागले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा होताच. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतीत किती सदस्य, गट कसा पाडायचा, निधी किती, सगळे लोकसंख्येवर. शाळा, दवाखाना, नळयोजना यांचेही निकष तेच. १९६१ ला देशाचे रजिस्ट्रार जनरल होते बंगालचे तेच अशोक मित्र. त्यांच्या आग्रहाने निवडक खेड्यांचे स्वतंत्र अभ्यास निघाले, महाराष्ट्रातल्या जत्रा-यात्रांचा एक खंड निघाला, आणि हस्तपुस्तिका अधिक भरीव झाल्या. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली, पण जिल्ह्याची हस्तपुस्तिका इंग्रजीतच राहिली. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याच्या कपाटात ती असायची, आणि सरपंच त्याच्याकडून आकडा ‘विचारून’ घ्यायचा. आकडा छापला गेला तरी मधला माणूस हटला नाही.

तो हटू लागला तो संगणकामुळे, पण त्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. गाववार गोषवारा आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग इंटरनेटवर आला. २०११ चे पुस्तक आता कोणीही मोबाइलवर उतरवून घेऊ शकतो. बुद्रुक आणि खुर्द अजूनही इंग्रजीत शोधावे लागतात.

आकडा खऱ्या अर्थाने गावात उतरला तो १९९३ नंतर. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवणे सक्तीचे झाले. आता गावाच्या एकूण संख्येने भागेना. वस्तीवस्तीचा आकडा हवा. प्रगणक गट हा जनगणनेचा सगळ्यात छोटा तुकडा प्रभाग रचनेची वीट झाला. कोणता गट कोणत्या प्रभागात टाकला की कोणाची जागा राखीव होते, याचे गणित ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भल्याभल्यांना तोंडपाठ असते. रचनेवर हरकती घेण्याची मुदत लागली की तहसील कचेरीत गर्दी होते, आणि हातात असतो तो गटांचा नकाशा आणि लोकसंख्येचा तक्ता. १८७२ च्या कुलकर्ण्याला हे दृश्य कळलेच नसते.

घटनेतल्या व्याख्येत मात्र एक अट आहे. लोकसंख्या म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे संबंधित आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्यातली. मोजले पण छापले नाही तर ते पंचायतीच्या कामाचे नाही. इतर मागासवर्गाच्या आरक्षणात महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या या आरक्षणासाठी पुरेशी आकडेवारी मागितली. राज्याने केंद्राकडे २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणीतले आकडे मागितले. केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितले की ते वापरण्याजोगे नाहीत, एकट्या महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक जातींची नावे नोंदली गेली आहेत. डिसेंबरात न्यायालयाने राज्याची मागणी फेटाळली. मग राज्याने बांठिया आयोग नेमून आपली आकडेवारी आपण गोळा केली. मुंबई म्युनिसिपालिटीने १९०६ ला केले ते राज्य सरकारला २०२२ मध्ये करावे लागले, फरक इतकाच की म्युनिसिपालिटीने घरोघर माणसे मोजली होती आणि बांठिया आयोगाच्या पद्धतीवर शंका घेणाऱ्यांची रांग लागली.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली ती राहिलीच. १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली, हिशोबाचा क्षण ठरला १ मार्च २०२७, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजायच्या ठरल्या. दरम्यान न्यायालयाच्या आदेशाने रखडलेल्या निवडणुका घ्यायच्या होत्या, म्हणून पुण्याचे ४१ प्रभाग २०११ च्या आकड्यांवर आखले गेले. हद्दीत २०२१ ला आलेल्या वाघोलीसारख्या गावांत २०११ ला जिथे शेते होती तिथे आज सोसायट्यांच्या रांगा आहेत. तिथल्या रहिवाशांना पाण्याचे टँकर मागवताना आपण किती आहोत ते नेमके ठाऊक असते. महापालिकेच्या प्रभाग रचनेला ते २०२७ चे प्रगणक गट छापले जाईपर्यंत ठाऊक होणार नाही.